56 गीते, एक गुरुवार आणि श्रोत्यांचे मत

गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले ते 1 एप्रिल 1955 रोजी. त्या दिवशी शुक्रवार होता आणि रामनवमीही. गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडक्यांचे, मूळ कल्पना केंद्रावरच्या सीताकांत लाड यांची. आणि केंद्र स्वतः जेमतेम दीड वर्षाचे. दर आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभराची 52 गीते ठरली होती. झाली 56. श्रोत्यांच्या आग्रहामुळे मालिका लांबली, असे अनेकदा ऐकू येते. त्याची शहानिशा पंचांगावरूनच करता येते.

शके 1877 मध्ये भाद्रपद अधिक होता, त्यामुळे पुढची रामनवमी 19 एप्रिल 1956 वर गेली. पहिल्या शुक्रवारपासून मोजत गेले तर बावन्नावा शुक्रवार 23 मार्चला येतो. त्यानंतर 30 मार्च, 6 एप्रिल, 13 एप्रिल हे आणखी तीन. छप्पन्नावे गीत रामनवमीला लागले, तो वार मात्र गुरुवार! आता 20 एप्रिलचा शुक्रवार धरला तरी बेरीज 56च येते, म्हणजे केवळ संख्येवरून गुरुवार सिद्ध होत नाही. तो समारोपाच्या तारखेवरून ठरतो. पण रामनवमीला आरंभ आणि रामनवमीला समारोप एवढे मान्य केले, की वाढीव चार गीतांचा हिशेब अधिक मासातच पुरा होतो. त्यासाठी श्रोत्यांच्या आग्रहाची गरज उरत नाही.

मग श्रोत्यांचे मत शोधायचे कुठे? रेडिओला हार घातले जात, समोर उदबत्ती लावली जाई, या हकिकती आपण सगळ्यांनीच ऐकल्या आहेत. त्या खोट्या ठरवण्याचे कारण नाही, मात्र त्या बहुतेक मागाहून सांगितलेल्या आठवणी आहेत आणि एकीचे शब्द दुसरीत उतरत गेलेले दिसतात. त्यांच्याहून मला 3 ऑक्टोबर 1957, विजयादशमी, ही तारीख भक्कम वाटते. त्या दिवशी भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने गीतरामायणाचे पुस्तक काढले. दिल्लीच्या सरकारी खात्याने मराठी गाण्यांचे पुस्तक छापावे, तेही मालिका संपून दीड वर्ष होत आले असताना, यामागे मागणी असणारच. हे अनुमान आहे, पण तारखेवर उभे राहिलेले.

आता शहराबाहेर पडू. पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर आणि नारायणगाव यांच्या मधले कळंब घ्या. शेजारच्या नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. तिथे गावोगावच्या यात्रा कमिट्यांनी दिलेल्या सुपारीच्या आकड्यावरून श्रोत्यांचे मत रोकडे कळते. रेडिओला सुपारी नाही. तरीही याच भागासाठी एक विलक्षण साधन हाताशी आहे. 1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, म्हणजे गीतरामायण शेवटाकडे येत असताना, याच पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पुण्यासह पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापली. आठवड्यातून दोनदा, असे दहा आठवडे, एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि केंद्राला अहवाल धाडायचा. टाटा समाजविज्ञान संस्थेने प्रयोगाच्या आधी आणि नंतर मुलाखती घेतल्या; पॉल न्यूरथ यांनी केलेले मूल्यमापन प्रसिद्ध आहे. तुलनेसाठी मंडळ नसलेली गावेही घेतली होती. मंडळांच्या गावांत माहिती स्पष्टपणे वाढलेली आढळली.

मात्र हा प्रयोग ग्रामीण कार्यक्रमापुरता होता. शेती, आरोग्य, उंदरांचा उपद्रव असे त्याचे विषय. त्याचा आधार घेऊन गावकरी गीतरामायणाला काय म्हणत होते हे सांगणे म्हणजे साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घालणे. तसेच, गावांच्या यादीत नाव दिसल्याशिवाय कळंबलाही त्यात ओढता येणार नाही. हाती लागते ते इतकेच: त्या वसंतात या केंद्राचा आवाज जिल्ह्यातल्या खेड्यांपर्यंत पोचत होता आणि लोक चार जणांत बसून तो ऐकत होते.

शेवटचे साधन म्हणजे खुद्द ध्वनिमुद्रण. ते सर्वांच्या ओळखीचे, म्हणूनच सर्वांत फसवे. आकाशवाणीवर ही गीते अनेकांनी गायली होती: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, मालती पांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर, एका गीताला लता मंगेशकरांचाही आवाज होता. पुढे फडके जाहीर कार्यक्रमांत सगळी गीते एकटेच गाऊ लागले. 1965 मध्ये एचएमव्हीने दहा तबकड्यांचा संच काढला, तोही त्यांच्या एकट्याच्या आवाजात. घरोघरी पोचला तो हा संच. तेव्हा गीतरामायण ऐकल्याची कोणाचीही आठवण वाचताना मी आधी एवढेच पाहतो, की त्यात गायिकेचा उल्लेख आहे का. असेल तर ती आठवण 1955-56 ची असण्याचा संभव वाढतो. नुसताच 'बाबूजींचा', म्हणजे फडक्यांचा, आवाज असेल, तर ती तबकडीवरची किंवा सभागृहातली असू शकते, मग सांगणाऱ्याने साल कोणतेही दिलेले असो.