इंग्रजी वाक्याच्या साच्यांची कूळकथा

एका कामगार कार्यकर्त्याने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून इंग्रजी वाक्यरचनेच्या इतिहासावर बोलावे, हे पुष्कळांना विचित्र वाटले असेल. संयोजकांनी मला कामगार कायद्यावर बोलायला सांगितले होते. विषय मीच बदलून घेतला. कायद्याने मला जेवढे नाडले नाही, तेवढे एका इंग्रजी पोटवाक्याने नाडले आहे. ती हकीकत आधी सांगतो, म्हणजे इतिहासाकडे मी कोणत्या वाटेने गेलो ते कळेल.

मी दहावीला इंग्रजीत नापास झालो आणि ठाण्याच्या बाजूला एका कारखान्यात लेथवर लागलो. युनियनमध्ये आलो तो आवाज मोठा म्हणून. १९९४ साली कंपनीशी करार झाला. करार अर्थातच इंग्रजीत. त्यातले एक कलम मला अजून तोंडपाठ आहे: ‘द कंपनी अॅग्रीज टु कन्सिडर कन्फर्मिंग द टेंपररी वर्कमेन अॅज अँड व्हेन व्हेकन्सीज अराइज.’ गेट मीटिंगमध्ये मी त्याचे मराठी करून सांगितले : जसजशा जागा रिकाम्या होतील तसतसे टेंपररी कामगार कायम होणार. टाळ्या पडल्या. पुढे चार वर्षांत पाच जुने कामगार निवृत्त झाले, त्यांचे काम कंत्राटदाराकडे गेले, आणि आमचे अकरा टेंपररी होते तसेच राहिले. आम्ही भांडायला गेलो तेव्हा लेबर ऑफिसर शांतपणे म्हणाला, “तुमच्या कलमाप्रमाणे आम्ही विचार करायचे कबूल केले होते. विचार केला. आणि जागा रिकामी झालीच कुठे? ती जागाच आम्ही बंद केली.” त्या अकरांपैकी एक माझा शेजारी होता. वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही.

त्याच सुमारास मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर मला एक फाटका इंग्रजी शब्दकोश मिळाला. हॉर्नबी यांच्या ‘अॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ची १९७४ची तिसरी आवृत्ती. प्रत्येक क्रियापदापुढे कंसात काही आकडे होते. ते मला आधी छापखान्याचे काही असेल असे वाटले. मग कोशाच्या पानांत तक्ता सापडला आणि उलगडा झाला : या क्रियापदामागे कोणत्या जातीचे वाक्य लागते, याची ती खूण होती.

हे आकडे आले कोठून? आपल्याकडे इंग्रजी शिकवले गेले ते बहुतेक तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने आणि नेस्फील्डच्या व्याकरणाने. नेस्फील्ड उत्तर हिंदुस्थानात शिक्षणखात्यात होता. त्याच्या पद्धतीत वाक्य आयते समोर ठेवलेले असायचे, आणि विद्यार्थ्याने त्याचे पृथक्करण करायचे : हे मुख्य वाक्य, हे नामवाक्य, हे विशेषणवाक्य, हे क्रियाविशेषणवाक्य. पुढे रेन आणि मार्टिन यांचे पुस्तक आले, त्याचीही घडण मुळात तीच. (हा रेन म्हणजे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेला, आणि पुढे फ्रेंच परकीय पलटणीवरच्या कादंबऱ्यांनी गाजलेला पी. सी. रेन.) पृथक्करण वाईट नाही. उघडलेल्या यंत्राच्या भागांची नावे त्याने कळतात. पण यंत्र जोडायला बसलो की नावे पुरत नाहीत. ‘दॅट’ने सुरू होणारे नामवाक्य म्हणजे काय हे मला शाळेत सांगितले होते. ‘से’मागे ते चालते, ‘होप’मागे चालते, आणि ‘वाँट’मागे मात्र चालत नाही, हे कोणी सांगितले नव्हते.

इंग्रजांना हे सांगावे लागत नव्हते, ते त्यांच्या कानातच होते. म्हणून ही गोष्ट लक्षात आली ती परक्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या माणसांना. त्यांतला पहिला मोठा माणूस हॅरल्ड पामर. जन्म १८७७. विद्यापीठाची पदवी नाही, याचे मला साहजिकच कौतुक आहे. बेल्जममध्ये व्हर्व्हिए गावी तो भाषा शिकवीत असे. १९१४च्या युद्धाने त्याला इंग्लंडात परत ढकलले, आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात व्याख्याने द्यायची संधी मिळाली. एका वाक्याच्या सांगाड्यात शब्द बदलून शेकडो वाक्ये पाडायची, असे तक्ते त्याने केले. लेथवरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. एक जिग नीट बनवली की तिच्यावर हवे तेवढे नग निघतात.

१९२२ साली जपानने त्याला बोलावले. तिथली मुले वर्षानुवर्षे इंग्रजी वाचीत आणि तोंड उघडायची वेळ आली की गप्प बसत, म्हणजे आपल्यासारखीच. बोलावणे होते सावायानागी या शिक्षणतज्ज्ञाचे आणि पैसा होता कोबे येथील कावासाकी गोदीचा प्रमुख मात्सुकाता याचा. येथे मी थोडा विषय सोडतो, माफ करा. याच मात्सुकाताच्या गोदीत १९१९ साली कामगारांनी हात आखडते घेतले आणि त्याला आठ तासांचा दिवस द्यावा लागला. १९२१ साली कोबेच्या गोद्यांत मोठा संप झाला, तो मात्र मोडला. त्यानंतर वर्षभरात त्याच मालकाच्या पैशाने पामर जपानला आला, आणि तिथून निघालेले साचे सत्तराहून अधिक वर्षांनी ठाण्यातल्या एका युनियनवाल्याच्या उपयोगी पडले. पैशाला मालक असतो, ज्ञानाला तो फार काळ राहत नाही.

टोकियोत १९२३ साली इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी संस्था निघाली. तिच्यातून पामरने १९३४ साली वाक्यरचनेच्या साच्यांचे नमुने प्रसिद्ध केले. १९३६ साली तो इंग्लंडला परतला, पण काम थांबले नाही. आल्बर्ट हॉर्नबी नावाचा शिक्षक १९२४ पासून जपानात होता. आधी क्यूशू बेटावर ओइता येथे, मग टोकियोत. गेटनबी आणि वेकफील्ड या दोन सहकाऱ्यांना घेऊन त्याने कोश रचला आणि क्रियापदांचे पंचवीस साचे पाडले. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि हॉर्नबी शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून स्थानबद्ध झाला. १९४२ साली त्याला मायदेशी पाठवण्यात आले. त्याच वर्षी त्याचा कोश टोकियोत छापून निघाला! जपान इंग्रजांशी लढत होते आणि तिथला एक प्रकाशक इंग्रजी नीट कसे लिहावे याचे पुस्तक बाजारात आणीत होता. युद्ध संपल्यावर ऑक्सफर्डने खिळे नव्याने न जुळवता, त्याच पानांची छायाचित्रे घेऊन, १९४८ साली तो पुन्हा काढला. १९५४ साली हॉर्नबीने साच्यांवर स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तक लिहिले. पृथक्करण उपयोगी आहे, पण शिकणाऱ्याला वाक्य बांधायचे असते, अशी त्याची भूमिका होती. आपल्याकडे १९५८ साली हैदराबादला इंग्रजीची केंद्रीय संस्था निघाली, आणि साच्यांनी शिकवण्याचा विचार हळूहळू शाळांकडे सरकू लागला.

आता साचा म्हणजे काय, ते माझ्या कलमावरच दाखवतो. ‘अॅग्री’ या क्रियापदाला दोन साचे चालतात. एकात त्याच्यामागे ‘टु’ आणि क्रियापद येते, दुसऱ्यात ‘दॅट’ आणि पुरे पोटवाक्य. शाळेत दोन्ही सारखेच वाटतात. पण ‘टु’च्या साच्यात मागच्या क्रियापदाला स्वतःचा कर्ता नसतो, तो पुढच्याकडून उसना घेतलेला असतो. कंपनी कबूल करते, आणि विचारही कंपनीच करते. ‘दॅट’चे पोटवाक्य स्वतःचा कर्ता आणि स्वतःचा काळ घेऊन येते : कंपनी कबूल करते की हे कामगार अमुक तारखेपासून कायम होतील. येथे वाक्यात कामगार कर्ता आहे. माझ्या कलमात तो कर्ता कोठेच नव्हता, आणि मी तो मराठी करताना पदरचा घातला.

दुसरी चूक क्रियाविशेषणवाक्याची. मराठी असे वाक्य दोन्ही टोकांना बांधते : जेव्हा–तेव्हा, जर–तर, जसजसे–तसतसे. त्यामुळे पोटवाक्य कोणत्या क्रियापदाला लोंबते आहे ते ‘तेव्हा’, ‘तसतसे’ दाखवून देतात. इंग्रजी बहुधा एकाच टोकाला गाठ मारते. ‘अॅज अँड व्हेन’ हे कायम करण्याला जोडायचे की विचार करण्याला, ते वाक्य स्वतः सांगत नाही. मराठीत आणताना मला कोठेतरी ‘तसतसे’ ठेवावे लागले, आणि मी ते मला हव्या त्या क्रियापदापाशी ठेवले. ‘ऑल्दो’ लिहून पुढे ‘बट’ लिहिणारी आपली मुले हेच करतात. जरी आले म्हणजे तरी यायलाच हवे, असे त्यांच्या कानाला वाटते. त्यांना हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तुम्हा सर्वांना शाळेतले ‘नो सूनर’ आठवत असेल. मीही ते घोकले होते : ‘नो सूनर’ आले की ‘दॅन’ लिहा, ‘हार्डली’ आले की ‘व्हेन’ लिहा, गुण मिळवा. कारण कोणी सांगितले नाही. ‘सूनर’ म्हणजे ‘अधिक लवकर’, तुलनेचे रूप. तुलना आली की ‘दॅन’ आलेच. ‘हार्डली’त तुलना नाही, म्हणून तेथे ‘व्हेन’. आणि ‘नो सूनर’ आरंभी आले की ‘डिड’ उडी मारून कर्त्याच्या पुढे का येते? जुन्या इंग्रजीत आरंभी क्रियाविशेषण आले की क्रियापद पुष्कळदा दुसऱ्या जागेवर येत असे, जर्मनमध्ये ते अजून येते. इंग्रजीने ही चाल बहुतेक टाकली, नकारी शब्दांपुरती ठेवली. एवढे सांगायला दोन मिनिटे लागतात. माझ्या मास्तरांपाशी ती दोन मिनिटे नव्हती. एका वर्गात आम्ही सत्तर होतो.

ते आकडे पुढे १९८९च्या चौथ्या आवृत्तीत गेले, त्यांच्या जागी अक्षरांच्या खुणा आल्या. माझ्या फाटक्या प्रतीत ‘दॅट’चा साचा ९व्या क्रमांकावर आहे. आमच्या ऑफिसात कराराचा मसुदा आला की पोरे अजून विचारतात, “दादा, नऊ नंबर आहे का?” १९९८च्या करारात तो होता. कंपनीचा वकील ‘टु कन्सिडर’ सोडायला तयार नव्हता. त्या एका ओळीवर आम्ही दुपारी तीन ते रात्री साडेआठपर्यंत बसलो. शेवटी ‘दॅट’ आले, कामगारांची नावे परिशिष्टात आली आणि ‘अॅज अँड व्हेन’ जाऊन तारीख आली. अकरांपैकी सात तोवर टिकले होते. माझा शेजारी त्यांत नव्हता. तो आधीच गावी निघून गेला होता.