मक्ता अकरा महिन्यांचा

वऱ्हाडात ‘मक्ता’ हा शब्द आजही रोजच्या बोलण्यात आहे. शेत मक्त्याने दिले, म्हणजे ठरलेली रक्कम घेऊन ठरलेल्या मुदतीसाठी ते दुसऱ्याच्या हाती सोपवले. शब्द जुना आहे आणि त्याचा इतिहास कडू आहे. निजामाच्या राजवटीत वऱ्हाडचा सारा वसूल करण्याचे काम हैदराबादच्या पुरणमलसारख्या सावकारांकडे मक्त्याने होते, आणि पुढे ते पेस्तनजींच्या पेढीकडे गेले. मक्तेदाराची नजर मुदतीवर असते. आपल्या वर्षात पदरात किती पडेल ते तो पाहतो. दहा वर्षांनी त्या जमिनीचा कस राहील की नाही, याचा विचार करायला त्याला कारण नसते. यवतमाळ जिल्ह्यात मन कोसळलेल्या माणसाला सावरण्याची जी सरकारी व्यवस्था गेल्या दीडशे वर्षांत घडत गेली, तिचा इतिहास पाहिला की हाच मक्ता समोर येतो. काम दुसऱ्याकडून करून घेतले, हा त्या व्यवस्थेचा दोष नव्हे. मुदत तोकडी आणि मक्ता देणारा दूरचा, हा दोष आहे. जिल्ह्याच्या स्वतःच्या लोकनियुक्त सत्तेने हा करार आजवर आपल्या सहीने कधी केलाच नाही, असे माझे म्हणणे आहे, आणि ते पुराव्यानिशी मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ सालचे. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला आणि यवतमाळच्या मनोरुग्णासाठी सरकारी उपचाराचा रस्ता नागपूरकडे वळला, तो आजही बव्हंशी तिकडेच जातो. मनोरुग्णांविषयीच्या १९१२ च्या कायद्याने या रस्त्यावर पहिला माणूस उभा केला तो पोलीस, दुसरा दंडाधिकारी, डॉक्टर तिसरा. ‘धोकादायक’ किंवा बेवारस फिरणाऱ्या वेड्याला पकडायचे, दंडाधिकाऱ्यापुढे न्यायचे आणि डॉक्टरचा दाखला येईपर्यंत निगराणीत ठेवायचे. ही निगराणी एका वेळी दहा दिवस आणि सगळी मिळून तीस दिवसांपलीकडे जाऊ नये, असे कायदा सांगत होता. संकटातल्या माणसाला थोडे दिवस थांबवून घेण्याची ही सरकारी तरतूद. पण हे थांबणे उपचारासाठी नव्हते, आदेश निघावा यासाठी होते, आणि ते अनेकदा तुरुंगात होत असे. देशभर ही रीत इतकी मुरली होती की, गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात डांबणे बेकायदा आहे हे सर्वोच्च न्यायालयाला शीला बारसे यांच्या खटल्यात १९९३ साली सांगावे लागले. तोवर कायद्याला ऐंशी वर्षे होऊन गेली होती.

मग तेवढ्या वर्षांत गावोगावची माणसे कुठे गेली? सरकारी दप्तर त्यांच्याबद्दल फारसे बोलत नाही. पण महाराष्ट्रभर, आणि वऱ्हाडातही, महानुभाव पंथाच्या मठ-मंदिरांत रुग्णाला घेऊन कुटुंबाने आठ-पंधरा दिवस, कधी महिनोन्‌महिने मुक्काम करण्याची चाल होती. तिथल्या उपचाराला वैद्यकाचा आधार नव्हता. मात्र त्या मुक्कामात एक गोष्ट होती जी सरकारी व्यवस्थेने कधीच दिली नाही: आई, बायको, भाऊ रुग्णासोबत राहत होते आणि कोणीही दाखला मागत नव्हते. याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. भगतांच्या ओट्यांवर झालेली मारहाण महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडी इथे साखळदंडाने बांधलेली पंचविसाहून अधिक माणसे आगीत जळाली, तेव्हा अशा ठिकाणांची दुसरी बाजू साऱ्या देशाला दिसली. तरीही लोक तिथे का जात, या प्रश्नाला ‘अंधश्रद्धा’ एवढेच उत्तर पुरत नाही. नागपूर दूर होते, पोलीस नको होता आणि घरात रात्र काढणे अशक्य झाले होते. जवळचे दार तेवढेच उघडे होते.

आता या इतिहासातल्या सर्वांत बोचऱ्या वळणाकडे येऊ. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या त्या ज्या समितीच्या अहवालावरून, तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक याच जिल्ह्याचे, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. १९६१ चा कायदा झाला, १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे, उपकेंद्रे त्यांच्या हाती आली. म्हणजे लसीकरण, बाळंतपण, हिवताप या सगळ्यांचा जिल्ह्याच्या पातळीवर एक मालक ठरला. मनाच्या आजाराचा मात्र ठरला नाही. मनोरुग्णालये राज्याकडे राहिली. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९९६ पासून त्याचा जिल्हा कार्यक्रम देशात पसरू लागला, तोही राज्याच्याच जिन्यावरून, जिल्हा शल्यचिकित्सकाच्या अखत्यारीत उतरला. जिल्हा आरोग्य अधिकारी जिल्हा परिषदेचा, शल्यचिकित्सक राज्याचा. गावातल्या आशा सेविकेला जे दिसते ते एका जिन्याने वर जाते आणि मानसोपचारतज्ज्ञ दुसऱ्या जिन्याच्या टोकाला बसतो. सोळा तालुके, साडेतेरा हजार चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत २७ लाख ७२ हजार माणसे असलेल्या जिल्ह्यात दोन जिन्यांमधल्या या फटीत काय काय हरवते, हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही.

१९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने कुटुंबासह जीवनयात्रा संपवली. शेतकरी आत्महत्यांचा महाराष्ट्रातला इतिहास लोक त्या तारखेपासून मोजतात आणि दर १९ मार्चला अन्नत्याग करतात. पुढच्या वीस वर्षांत सरकारने या प्रश्नावर जी यंत्रणा उभी केली ती मृत्यूनंतरची होती. तलाठ्याचा अहवाल, पोलिसांचा पंचनामा, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती आणि निकाल: पात्र किंवा अपात्र. जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने एक लाखाच्या मदतीचे निकष बांधून दिले. तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. सातबारा घरातल्या कोणाच्या तरी नावे हवा, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, तगादा सिद्ध व्हायला हवा. मक्त्याने कसणारा आणि बेपरवाना सावकाराच्या दारात गेलेला यातून निसटत होता. त्याच वर्षी जूनअखेर पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्या पॅकेजचा भर कर्ज, व्याज, सिंचन, बियाणे यांवर होता. ते गरजेचे होते, यात वाद नाही. पण माणूस गेल्यावर त्याच्या घरी कोणी जायचे हे वीस वर्षांत बारकाईने लिहिले गेले. जाण्याआधी कोणी जायचे, हे कुठेच लिहिलेले नव्हते.

ते लिहिले गेले २०१५ मध्ये. यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू झाले, गावपातळीवर समित्या झाल्या. त्याच सुमारास विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आला. आशा सेविकेने घरोघर जाऊन ताणाखालची माणसे ओळखायची, १०४ क्रमांकावर समुपदेशन, जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका असे पथक. कल्पना चांगली होती; उशिरा आली, पण चांगली होती. मात्र हातात दिलेले हत्यार तेच, मक्त्याचे. आशाला पगार नव्हता, कामागणिक मोबदला होता. पथकातली पदे कंत्राटी, अकरा महिन्यांच्या नेमणुकीची, पुन्हा पुन्हा नूतनीकरणाची. आत्महत्येचा विचार घोळवणारा माणूस पहिल्या भेटीत बोलत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, त्याच माणसाशी बोलतो. ज्याच्याजवळ तो बोलेल त्याचीच नेमणूक मार्चअखेर लटकलेली असेल, तर आपण विकत घेतो आहोत ते नेमके काय? फार तर भेटींचा आकडा. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना कामबंद आंदोलने करावी लागली आणि दहा वर्षे झालेल्यांच्या समायोजनाचा निर्णय मार्च २०२४ मध्ये झाला, यावरून हे तात्पुरतेपण किती कायमचे झाले होते ते कळते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो यवतमाळात फार जोरकसपणे घेतला जातो: हा मनाचा आजार नाही, कापसाच्या भावाचा आहे, ज्याला भाव हवा त्याला समुपदेशक पाठवणे ही चेष्टा आहे. या आक्षेपातला संताप रास्त आहे, आणि समुपदेशन जर भावाऐवजी दिले जात असेल तर तो पूर्ण खरा आहे. सृजित मिश्र यांनी २००६ मध्ये राज्य सरकारला दिलेल्या अभ्यासात वर्धा, वाशीम आणि यवतमाळ या जिल्ह्यांतल्या १११ कुटुंबांची पाहणी होती. कर्ज हे सर्वांत अधिक घरांत आढळलेले कारण. पण बहुतेक घरांत एकच कारण नव्हते. घसरलेली पत, घरातला तंटा, आजारपण, मुलीचे लग्न, सगळे एकमेकांत गुंतलेले. कर्ज दहा वर्षे वाढत असते. ते असह्य होते एका रात्री. भावाची लढाई दहा वर्षांची आहे आणि ती लढलीच पाहिजे, पण त्या रात्रीची सोय भावात बसत नाही. श्रीलंकेचा अनुभव इथे उपयोगी आहे. तिथे १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि वीस वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. त्या काळात तिथली गरिबी संपली नव्हती, यादवी युद्धही बराच काळ चालू होते. घातक वस्तू हाताशी नसली आणि ती वेळ टळली, तर पुष्कळ माणसे जगतात. कापसाच्या जिल्ह्यात फवारणीचे औषध घराच्या कोनाड्यात असते. म्हणून ती वेळ निभावून नेणारे कोणीतरी जवळ असणे, ही चैन नव्हे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: एवढे तज्ज्ञ आणायचे कुठून? त्याचे उत्तर शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मिळाले आहे. तिथल्या तीस गावांत ‘विश्राम’ या उपक्रमात गावातलेच आरोग्य कार्यकर्ते आणि थोड्या प्रशिक्षणाने तयार झालेले समुपदेशक कामाला लावले, तज्ज्ञ अवघड रुग्णांपुरते ठेवले. अठरा महिन्यांत नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले आणि गेल्या वर्षभरात आत्महत्येचा विचार आल्याचे सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. या अभ्यासात तुलनेसाठी वेगळी गावे नव्हती, त्यामुळे सगळे श्रेय उपक्रमाला देता येणार नाही. पावसापाण्याचाही वाटा असू शकतो. पण माणसे मदतीपर्यंत पोचली, एवढे तरी निर्विवाद आहे. आणि तो उपक्रमही प्रकल्पच होता. निधीची मुदत असलेला.

काही जण म्हणतील की मग कंत्राटच नको, सगळे सरकारी नोकरीत घ्या. तत्त्व म्हणून मी याच्या विरुद्ध नाही, पण कंत्राट म्हटले की सेवा वाईटच असते, हे मला मान्य नाही. २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका आल्या, त्याही कंत्राटावरच. तिथे अपेक्षा साधी आहे: गाडी रात्रंदिवस हजर हवी. रुग्ण मिळाला नाही म्हणून कोणी गाडी काढून घेत नाही. मनाच्या संकटाचा करारही असाच हजेरीचा हवा. पांढरकवडा, उमरखेड, वणी इथे दोन-चार खाटांची खोली, नातेवाइकाला सोबत राहण्याची मुभा, रात्री जागे असणारे एक ओळखीचे माणूस, फोनवर तज्ज्ञ. आणि मुदत किमान पाच वर्षांची. इटलीतल्या त्रिएस्ते शहराने १९७०च्या दशकात मोठे मनोरुग्णालय मोडून वस्तीवस्तीत चोवीस तास उघडी, मोजक्या खाटांची केंद्रे काढली. अमेरिकेत अनेक काउंटी, म्हणजे तिथल्या जिल्हा-सत्ता, अशा अल्पमुक्कामाच्या जागा स्थानिक संस्थांकडून कराराने चालवून घेतात. फोन तर आपल्याकडेही आला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानसचा १४४१६ चालू आहे. पण फोन ठेवल्यावर झरी-जामणीच्या पाड्यावर जायचे कोणी, हे त्या क्रमांकाच्या हाती नाही.

राहिला जिल्हा परिषदेवरचा अविश्वास. ठेके, टक्केवारी, शिफारशी हे सारे लोकांनी पाहिले आहे, आणि २०२२ नंतर राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे प्रशासकाच्याच हाती राहिल्या, हेही पाहिले आहे. तरी निवडून आलेल्या सदस्याला महागावच्या बाजारात कोणी अडवून जाब विचारू शकतो. मुंबईतल्या कक्ष अधिकाऱ्याला नाही. कायदाही आता वाट अडवत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने पोलिसांनी आणलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत आरोग्य संस्थेत नेण्याचे बंधन घातले, तातडीच्या उपचाराला बहात्तर तासांची मर्यादा दिली, आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरायला सांगितले. त्याच्या अठराव्या कलमात एक तरतूद आहे, जिची चर्चा फार होत नाही. किमान मानसिक आरोग्य सेवा रुग्णाच्या जिल्ह्यात सरकारने दिली नसेल, तर त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या कोणत्याही सेवेत त्याने उपचार घ्यावेत आणि खर्च सरकारने सोसावा. कायदा इथे ‘जिल्ह्यात’ म्हणतो. उमरखेडहून नागपूर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे.