काळ नदीतील देवाचे मासे

रायगड पाहावयास निघालेला मनुष्य हिरकणीवाडीपाशी आला म्हणजे त्याची मान आपोआप वर जाते. समोर उभा कडा, माथ्यावर हिरकणी बुरूज, आणि तान्ह्या मुलाच्या ओढीने रात्रीच्या अंधारात तो कडा उतरलेल्या गवळणीची कथा! येथे मान वर न जाईल तरच नवल. पण याच ठिकाणी मान खाली घालून पायथ्याच्या पाण्याकडे पाहणारा मनुष्य विरळा. गडाचा इतिहास आपण पुष्कळ ऐकला आहे. गडाभोवतालच्या पाण्याचा इतिहास ऐकावयाचा राहिला आहे. आजचा विषय तो आहे.

गडावर पाणी आहे ते माणसाने अडवलेले. 1674 साली जेथे राज्याभिषेक झाला त्या गडावर गंगासागर, कुशावर्त, हत्ती तलाव अशी तळी आहेत. खडक खोदून दगड काढावा, तो वाड्यांना आणि तटाला वापरावा, आणि उरलेल्या खड्ड्यात पावसाचे पाणी साठवावे, असा तो दुहेरी हिशेब होता. गडाखाली मात्र निसर्गाचे पाणी आहे. काळ आणि गांधारी या दोन नद्या रायगडाच्या अंगाखांद्यावरचे पाणी गोळा करून सावित्रीला देतात, आणि सावित्री ते महाड-दासगावावरून बाणकोटच्या खाडीत नेते. यांपैकी काळ नदीच्या पात्रात, महाड तालुक्यातील वाळण या गावी, एक खोल डोह आहे. त्याला वाळणकोंड म्हणतात. काठी वरदायिनी देवीचे स्थान आहे आणि डोहात मोठमोठे मासे आहेत. ते मासे देवीचे. त्यांना कोणी गळ लावीत नाही, त्यांवर कोणी जाळे टाकीत नाही. भाविक येतात, चुरमुरे-लाह्या पाण्यावर टाकतात, मासे वर येतात, खातात आणि पुन्हा तळाशी जातात. मासळीवाचून ज्यांचे जेवण गोड लागत नाही अशा कोकणात ही गोष्ट घडते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

हा निषेध का निर्माण झाला असावा? याचा विचार करण्यासाठी थोडे दूर जाऊन यावे लागेल. कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील मुलखात हिवाळ्यात तळी गोठतात. लोक त्या बर्फावरून चालत जातात, गिरमिटाने त्याला भोक पाडतात, त्यावर लहानशी खोपी उभारतात आणि भोकातून गळ सोडून बसतात. ट्राउट आणि वॉलाय नावाचे मासे त्यांना मिळतात. तेथील मूळच्या ओजिब्वे लोकांत तर अंधाऱ्या खोपीत पालथे पडून, बर्फाच्या भोकातून भाल्याने मासा टिपण्याची जुनी विद्या आहे. वर बर्फ असताना मासा जिवंत राहतो कसा? कारण पाणी चार अंश उष्णमानाला सर्वांत जड असते. ते तळाशी बसते. बर्फ हलका म्हणून वर तरंगतो आणि पांघरुणाचे काम करतो. मात्र तळे उथळ असले आणि बर्फावर हिमाचा जाड थर साचला, तर प्रकाश आत जात नाही, पाण्यातील प्राणवायू संपतो आणि तळ्यातले मासे गुदमरून मरतात. म्हणजे खोल पाणी हेच तेथे माशाचे आश्रयस्थान.

आपल्याकडे पाणी गोठत नाही, ते आटते. परंतु माशाच्या दृष्टीने संकट एकच आहे. महाडच्या परिसरात शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. तो सारा चार महिन्यांत पडतो आणि उतार एवढा तीव्र की पाहता पाहता समुद्राला मिळतो. फाल्गुन-चैत्रात नदी वाहावयाची थांबते. पात्रात उरतात ते दगडगोटे आणि मधून मधून डोह. ज्या नदीत आषाढात हत्ती वाहून जावा, तिची वैशाखात तळ्यांची माळ होते. सबंध नदीतील मासळी त्या चार-दोन डोहांत कोंडली जाते. कोंड हा शब्दच किती बोलका आहे पाहा! उन्हाने तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. म्हणून उथळ डबक्यातले मासे मरतात आणि खोल कोंडातले तगतात. जे तगले तेच पुढील सालचे बियाणे.

पुढे मृगाचा पाऊस पडला, ओढे लाल पाण्याने फुगले, की हेच मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात. त्याला आपण वलगण म्हणतो. भाताच्या खाचरांपर्यंत मासळी येते आणि गावची पोरेथोरे कंदील, टोपल्या, जाळी घेऊन धावतात. कातकरी बांधवांचे नदीचे ज्ञान तर एवढे सूक्ष्म, की पाण्याच्या वळणावरून कोणता मासा कोठे असेल ते त्यांना सांगता येते. पण वलगणीच्या या सणाचे भांडवल उन्हाळ्यात कोंडात ठेवलेले असते. वैशाखात जो कोंड उपसतो, तो श्रावणातली ताटे रिकामी करतो. शेतकरी बियाण्याची कणगी फोडीत नाही. कोंडावर हात न टाकण्याचा नियम त्याच जातीचा आहे.

मासे न मारण्याच्या आज्ञा आपल्या देशाला नव्या नाहीत. सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी दिली आहे आणि ठरावीक पौर्णिमांच्या सुमारास व उपोसथाच्या दिवशी मासे मारू नयेत, विकू नयेत असे बजावले आहे. ही आज्ञा वर्षातील मोजक्या दिवसांची होती, आणि व्यवहारात टिकणारा निषेध बहुधा असाच मर्यादित असतो. उलट बाजूही आपल्याकडे आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' आहे. माशांचे प्रकार, त्यांना लावावयाचे आमिष, दोरी, काठी आणि गळ यांचे तपशील त्यात आहेत. पुढे विसाव्या शतकात सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने या प्रकरणाचा अभ्यास करून ते विद्वानांच्या नजरेस आणले. तात्पर्य, गळ टाकण्याची कला आणि गळ आवरण्याची कला या दोन्ही आपल्या वारशात आहेत.

वाळणकोंडातील मासा कोणता? इंग्रजीत त्याला महसीर म्हणतात. कर्नल साइक्स या अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची पाहणी करून 1839 साली त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. माशांना शास्त्रीय नावे देताना त्याने ठिकठिकाणी येथील लोकांच्या तोंडची नावेच घेतली. 'खुद्री' हे नाव त्यांतलेच. आजही दख्खनी महसीराला शास्त्रज्ञ 'टॉर खुद्री' म्हणून ओळखतात. हा मासा जोमदार, मोठ्या खवल्यांचा. पावसाळ्यात तो वर चढून वाळूगोट्यांत अंडी घालतो, आणि पाणी उतरू लागले की खोल डोहात परततो. रोहू-कटल्याच्या मानाने याची अंडी थोडी आणि वाढ सावकाश. एकदा कुळी बुडाली की पुन्हा उभी राहण्यास वर्षे लागतात. म्हणूनच नदीतील इतर माशांहून याला कोंडाच्या आश्रयाची गरज अधिक.

एकोणिसाव्या शतकात या आश्रयावर नवे शस्त्र आले. पूर्वी रामेठ्याची साल किंवा गेळफळ कुटून पाण्यात घालीत व मासे गुंगवून पकडीत. त्याची झळ एका डोहापुरती असे. सुरुंगाची दारू खेडोपाडी पोहोचल्यावर एका स्फोटात डोहातली लहान-मोठी सारी मासळी, पिलांसकट, उलटी होऊ लागली. सरकारला 1897 साली मत्स्यकायदा करावा लागला. पाण्यात स्फोटक वापरणे आणि विष घालणे त्याने गुन्हा ठरवले. कायदा झाला, पण दर डोहावर शिपाई कोठून आणणार? देहूची इंद्रायणी, वाडा तालुक्यातील तिळस्याची वैतरणा, तुंगेकाठचे शृंगेरी आणि आपले वाळण येथे मासे राहिले ते देवाच्या धाकाने.

येथे कोणी म्हणेल, म्हणजे रूढी ती चांगलीच! हा निष्कर्ष घाईचा आहे, आणि महाडात तरी तो कोणी काढू नये. वाळणापासून फार दूर नसलेल्या चवदार तळ्यावरही एक निषेध होता. त्या पाण्याला गुरे तोंड लावू शकत. अस्पृश्य ठरवलेला माणूस ओंजळ भरू शकत नसे. 1923 साली बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला, पुढल्या साली महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीर केले, तरी प्रत्यक्षात पाणी बंदच राहिले. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याची 'शुद्धी' झाली, दावा चालला. उच्च न्यायालयाचा निकाल लागावयास 1937 साल उजाडले.

दोन्ही ठिकाणी पाणी, दोन्ही ठिकाणी रूढी आणि दोन्ही ठिकाणी धर्माचे नाव. मग भेद कोणता? चवदार तळ्यावरची रूढी काही माणसांना पाण्यापासून तोडीत होती आणि त्यातून बाकीच्यांना मोठेपणा मिळत होता. वाळणकोंडाची रूढी काठावरच्या प्रत्येकाच्या हाताला सारखाच लगाम घालते, आणि त्याचे फळ खालच्या-वरच्या साऱ्या गावांच्या पाण्यात उतरते. म्हणून रूढी जुनी किती हे विचारू नये. ती कोणाला अडवते आणि कोणासाठी, हे विचारावे. या कसोटीला जी उतरेल ती ठेवावी, जी उतरणार नाही ती मोडावी. महाडच्या मातीनेच हा धडा देशाला दिला आहे.

देवीच्या धाकाची मर्यादाही ओळखली पाहिजे. हा धाक काठावर उभ्या असलेल्या माणसाला असतो. जो काठावर येतच नाही, त्याला तो कसा असणार? कारखान्याचे सांडपाणी देवळासमोर चप्पल काढून येत नाही. महाडला औद्योगिक वसाहत झाली, तिने अनेकांना पोटाला दिले, आणि खाली सावित्रीच्या पाण्याविषयी तक्रारीही तिच्याबरोबर आल्या. जो मासा वरच्या कोंडात वाचला, त्याची खालची वाट विषारी झाली तर त्याचे वाचणे अर्धेच. धरणे, बंधारे, वाळूचा उपसा यांचेही असेच. डोह वाळूने भरला किंवा चढणीची वाट बंद झाली, तर लाह्या टाकावयास भाविक उरतील आणि त्या खावयास मासे उरणार नाहीत.

विज्ञानाने आपला वाटा उचलला आहे. लोणावळ्याला टाटा कंपनीच्या तलावांकाठी 1970 च्या सुमारास महसीराची अंडी कृत्रिम रीतीने उबवण्याचे काम सुरू झाले. महाराष्ट्राचे मत्स्यतज्ज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी यांचा त्यात मोठा हात होता. तेथील पिले देशातील अनेक जलाशयांत सोडली गेली. पुढे 2018 साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने या जातीला संकटग्रस्तांच्या यादीतून खाली उतरवले. ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि हौदात वाढवलेला मासा आणि आपल्या नदीत पिढ्यानपिढ्या चढ-उतार केलेला मासा यांत फरक आहे. पहिला आपण पुन्हा तयार करू शकतो. दुसरा गेला की त्याच्याबरोबर त्या नदीची रीत जाते.

तेव्हा वाळणच्या ग्रामस्थांनी जे केले ते अडाणी भाबडेपण म्हणून हसण्यावारी नेऊ नये, आणि केवळ चमत्कार म्हणून हात जोडून मोकळेही होऊ नये. त्यांनी आपल्या वाट्याची नदी सांभाळली. खालच्या अंगाला राहणाऱ्या, नळाचे पाणी पिणाऱ्या, नगरपालिकेला मत देणाऱ्या आपल्यासारख्या नागरिकांच्या वाट्याची नदी सांभाळावयास कोणती देवी येणार आहे? तेथे कायदा आहे, आणि तो जागता ठेवणारे आपण आहोत. एका खेड्याने एक कोंड राखला. शहराने निदान एक नदी राखावी, एवढी अपेक्षा फार झाली असे मला वाटत नाही.