कॅबरे : एका बदनाम शब्दाची दुसरी बाजू

आमच्या बेळगावच्या घरात दोन शब्द मोठ्याने उच्चारायचे नाहीत असा दंडक होता. एक 'तमाशा' आणि दुसरा 'कॅबरे'. पहिल्याशी आजोबांचा संबंध होता. जत्रेत फड उतरला की ते 'भजनाला जातो' म्हणून निघत आणि पहाटे परतत. दुसरा शब्द आला हिंदी सिनेमातून. १९७१ सालच्या 'कारवाँ'मध्ये हेलन नाचली आणि कॅबरे म्हणजे तोकडे कपडे, दारूचे पेले व खलनायकाचा अड्डा, हा अर्थ आमच्या पिढीच्या मनात पक्का झाला.

पुढे वाचनाच्या ओघात कळले की हा अर्धाच अर्थ आहे. 'कॅबरे' म्हणजे फ्रेंचमध्ये मुळात साधा दारूचा गुत्ता. १८८१ च्या नोव्हेंबरात रोडॉल्फ सालीस याने पॅरिसच्या माँमार्त्र भागात 'ल शा न्वार', म्हणजे 'काळे मांजर', या नावाचा असा एक गुत्ता उघडला. तेथे कवी कविता म्हणत, चित्रकार भिंती रंगवीत, एरिक साती पियानो वाजवी. सालीस स्वतः उभा राहून आल्यागेल्याची आणि बड्या धेंडांची टवाळी करी. पुढे तेथे जस्ताच्या पत्र्याच्या आकृत्यांची छायानाट्येही होऊ लागली. पिंगुळीचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही रंगत वेगळी सांगायला नको.

१८८९ मध्ये त्याच परिसरात 'मुलँ रूझ' सुरू झाले आणि पाय उंच फेकणारा कँकँ नाच जगभर गाजला. एक वाट थट्टेची, दुसरी नाचाची. जर्मन भाषेने तर दोहोंसाठी दोन शब्द ठेवले : थट्टेचे ते 'काबारेट' आणि नाचगाण्याचे ते 'कॅबरे'. आपल्याकडे पोहोचला तो दुसरा.

पहिल्या वाटेची किंमत काय होती, हे बर्लिनमध्ये दिसले. १९२९ साली वेर्नर फिंक व त्याच्या सोबत्यांनी तेथे 'काटाकोम्बे' हे काबारेट सुरू केले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, तरी फिंक थांबला नाही. एका प्रवेशात शिंपी त्याचे माप घेतो आणि त्याचा उजवा हात वर राहतो, अगदी नाझी सलामीसारखा. त्यावर फिंक जे शब्द उच्चारी, त्यांचा अर्थ 'वर उचललेला उजवा हात' असाही होई आणि 'रद्द केलेले हक्क' असाही. दोन भाषांच्या वेशीवर राहणाऱ्या आपल्या वाचकांना श्लेषाची ही धार लगेच कळेल. प्रेक्षकांत बसून टिपणे घेणाऱ्या गुप्त पोलिसांनाही ती कळली. १९३५ च्या मे महिन्यात 'काटाकोम्बे'ला टाळे लागले आणि फिंकची रवानगी एस्टरवेगेनच्या छळछावणीत झाली. तो काही आठवड्यांनी सुटला.

व्हिएन्नाचा फ्रिट्झ ग्रुनबाउम सुटला नाही. तो ज्यू होता आणि रंगमंचावरचा नामांकित विनोदवीर. एकदा दिवे गेले तेव्हा अंधारात तो म्हणाला म्हणे, काहीच दिसत नाही, मी बहुधा नाझी संस्कृतीत शिरलो! १९३८ मध्ये त्याला पकडले. १९४० च्या अखेरच्या रात्री डाखाउ छावणीत, अंगात त्राण नसताना, त्याने सोबतच्या कैद्यांना हसवले. १४ जानेवारी १९४१ रोजी तो तेथेच मरण पावला.

हे वाचले आणि मला आजोबा आठवले. म्हातारपणी एकदा धीर करून मी त्यांना विचारले होते, "आजोबा, तमाशात एवढं काय होतं हो?"

ते म्हणाले, "अरे, पुढच्या रांगेत पाटील बसलेला असायचा. दिवसभर त्याच्यासमोर कुणाची मान वर होत नसे. आणि रात्री सोंगाड्या त्याच्या तोंडावर त्याची खोड काढायचा, अन् पाटलालाही हसावं लागायचं. ते बघायला जात होतो."

आतून आजीचा आवाज आला, "मग तसं सांगून जायचं होतंत. भजनाचं नाव कशाला?"

आजोबा गप्प बसले. बदनाम शब्दाच्या पाठीशी उभे राहायला सोंगाड्याचेच धैर्य लागते. ते त्यांच्याजवळ नव्हते, आणि आम्हां नातवंडांजवळही कुठे होते?