मुक्काम, तळ आणि छावणी: जलतीरावरील तात्पुरत्या वस्तीचा शब्देतिहास

‘मु. पो. कुरुंदा, ता. वसमत, जि. हिंगोली’ असा पत्ता लिहिताना त्यातील ‘मु.’ या अक्षराकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते ‘मुक्काम’ या शब्दाचे संक्षिप्त रूप होय. मूळ अरबी शब्दाचा अर्थ थांबण्याची जागा. पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावी राहणाऱ्या माणसाचा पत्ताही मराठीने वाटसरूच्या शब्दाने सांगावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. समुद्रकिनारी आणि तलावाकाठी तंबू ठोकून राहण्याची जी रीत आज ‘कॅम्पिंग’ या नावाने रूढ झाली आहे, तिचा पूर्वेतिहास अशा शब्दांतून कसा उलगडतो, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या वर्गातील सर्वांत व्यापक शब्द ‘तळ’ हा होय. संस्कृत ‘तल’ म्हणजे पृष्ठभाग, सपाटी, बूड. सैन्य असो वा व्यापाऱ्यांचा तांडा, उतरण्यासाठी सपाट जमीन आणि जवळ पाणी एवढ्या दोन गोष्टी प्रथम हव्यात. लष्कराच्या पुढे जाऊन अशी जागा धरणाऱ्यांना ‘बिनीवाले’ म्हणत. पालखीतळ, गाडीतळ, वाहनतळ, विमानतळ या सामासिक शब्दांत तीच अर्थच्छटा आजही टिकून आहे.

‘छावणी’ची गोष्ट निराळी. ‘छावणे’ म्हणजे आच्छादणे, छप्पर घालणे. कोरड्या ऋतूत तळ पुरे होई; पावसाळ्यात मात्र छप्पर हवे, आणि ते घातले की तळाची छावणी होई. दसऱ्याला सीमोल्लंघन करावे आणि मृगापूर्वी मोहीम आवरावी, हे वेळापत्रक मोसमी पावसाने घालून दिले होते. चिमाजी अप्पांच्या सैन्याने समुद्राकाठी तळ देऊन लढविलेली वसईची मोहीम १७३९ च्या मे महिन्यात, म्हणजे पाऊस तोंडावर आला असतानाच तडीस गेली. पुढे इंग्रजी अमदानीत ऋतूपुरत्या या शब्दाला कायमपणा आला. हैदराबाद कंटिन्जंटची हिंगोली येथील छावणी १९०३ पर्यंत टिकून होती. मराठवाड्याच्या अलीकडच्या बोलीत हाच शब्द दुष्काळातील ‘चारा छावणी’साठी आला. सैन्याच्या जागी गुरे आली. संकटाच्या ऋतूपुरता निवारा हा अर्थ तेवढा परत आला.

डोंगर आणि किनारा यांना जोडणारी खरी परंपरा मात्र लष्कराची नव्हे, ती धनगरांची होय. गुंथर सोन्थायमर यांच्या संशोधनामुळे या समाजाच्या लोकजीवनाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. दिवाळीनंतर देशावरील मेंढपाळ सह्याद्रीचे घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. कारण कोकणातील ओल मेंढरांना मानवत नाही. काही कुटुंबे आणि त्यांची मेंढरे मिळून जो फिरता मुक्काम होतो त्याला ‘वाडा’ म्हणतात. भाताचे पीक निघालेल्या खाचरात रात्री जाळीची वाघर लावून मेंढरे बसवितात. शेताला लेंडीखत मिळते, धनगराला धान्य अथवा पैसा मिळतो. स्थायिकांच्या भाषेत दगडी इमारतीचे नाव असलेला शब्द येथे रोज उठणाऱ्या वस्तीला लागावा, हे उलट्या दिशेचे अर्थपरिवर्तन आहे.

पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांवर भिजणाऱ्या वसमत भागात याच जातीचा आणखी एक शब्द आढळतो, तो म्हणजे ऊसतोड कामगारांची ‘कोपी’. गळिताचा हंगाम संपला की कोपी मोडते.

या सर्व शब्दांत दोन गोष्टी समान आहेत. प्रत्येकाला ऋतू आहे आणि प्रत्येकामागे काही प्रयोजन आहे. वाडा व कोपी यांच्या बाबतीत तर यजमानाशी उघड करारही आहे. ‘कॅम्पिंग’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द रुळला नाही, याचे कारण आपल्या मते येथे सापडते. केवळ विरंगुळ्यासाठी उघड्यावर राहणे ही कल्पनाच या शब्दसंग्रहात नव्हती.

आज किहीम, नागाव, रेवदंडा येथील किनाऱ्यांवर, १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या जलाशयाकाठी आणि पवना धरणाच्या काठावर तंबूंच्या रांगा दिसतात. तथापि पवनेचा काठ ही मोकळी पडलेली जागा नव्हे. तुंग, तिकोना आणि लोहगड यांच्या कुशीतील हे पाणी १९७२ च्या सुमारास साठले ते शेतांवर आणि घरांवर. विस्थापितांपैकी अनेकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे कित्येक दशके लोंबकळत राहिला. ज्यांच्या पत्त्यातील ‘मुक्काम’ पाण्याखाली गेला, त्या गावांच्या काठावर आता शहरातील पाहुणा एका रात्रीचा मुक्काम करतो. तंबू भाड्याने देऊन उपजीविका करणाऱ्यांत स्थानिक गावकरीही आहेत. धरणासाठी संपादित झालेल्या जमिनीचा असा उपयोग कोणी व कोणत्या अधिकाराने करावा, हा वाद मात्र मिटलेला नाही.

एवंच, जलतीरावरील तात्पुरती वस्ती आपल्याकडे जुनीच आहे. नवे आहे ते यजमान आणि पाहुणा यांच्यातील करार धूसर होणे. तो करार ज्या भाषेत पुन्हा घडत आहे ती काठावरच्या गावकऱ्यांची भाषा आहे. तंबूला, पाहुण्याला, बुडालेल्या शिवाराला ते आज कोणकोणत्या नावांनी ओळखतात, याची क्षेत्रीय नोंद आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आताच हाती घ्यावी. बुडण्यापूर्वीच्या शेतांची नावे सांगू शकणारी पिढी आज वार्धक्यात आहे.