रश्श्यातला प्रक्षेप

वेल्हे तालुक्यात तोरण्याच्या किंवा राजगडाच्या पायथ्याशी जेवणाच्या पाट्या पुष्कळ दिसतात. त्यांतल्या काहींवर मटणाच्या रश्श्यामागे 'मावळी', 'अस्सल', क्वचित 'शिवकालीन' अशी विशेषणे असतात. 2024 साली राज्य मंत्रिमंडळाने या तालुक्याचे नाव 'राजगड' करण्याचा निर्णय घेतला. ज्या भूमीचे नावच इतिहासातून घेतले जाते, तिथल्या ताटालाही इतिहासाचा आधार हवासा वाटावा हे स्वाभाविक आहे. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला 'अस्सल' या शब्दापाशी थबकण्याची सवय असते. संहितेविषयी जे प्रश्न आपण विचारतो, तेच या रश्श्याला विचारले तर काय हाती लागते, ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम हा पदार्थ कसा सिद्ध होतो ते पाहू. मटण धुऊन त्याला हळद, मीठ आणि आले-लसणाचे वाटण लावतात. पातेल्यात थोडा कांदा परतून त्यावर मटण घालतात, झाकणावर पाणी ठेवतात आणि ते तापले की तेच आत ओततात. मटण शिजत आले की जे पाणी तयार होते ते 'अळणी'. ते लहान मुलांना, आजाऱ्यांना, बाळंतिणीला वाटीतून देतात. उरलेल्या भागात मग दुसरा संस्कार होतो. भाजलेले सुके खोबरे, चुलीत भाजलेला कांदा, धणे, तीळ किंवा खसखस, लवंग, दालचिनी, दगडफूल हे सारे पाट्यावर वाटून तेलात परततात; त्यात उन्हाळ्यात कुटून ठेवलेले घरचे तिखट पडते आणि तेलावर तांबडी तर्री येते. हा रस्सा भाकरीशी कुस्करून खातात आणि शेवटी भातावर घेतात.

या कृतीत आपण दोन टप्पे पाहिले, अळणी आणि तिखट. आमच्या मते त्या दोन टप्प्यांत दोन काळ एकाच पातेल्यात नांदत आहेत.

मिरची ही मूळची अमेरिका खंडातली. 1492 साली कोलंबस त्या भूमीवर पोहोचला, त्यानंतरच तिचा उर्वरित जगाशी परिचय झाला. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवे घेतले आणि सोळाव्या शतकात त्यांच्याच जहाजांमधून ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. पश्चिम भारतात तिला 'गोवाई मिरची' म्हणत, या नावातच तिच्या आगमनाची वाट नोंदली गेली आहे. त्यापूर्वी तिखटपणा होता तो मिऱ्यांचा, पिंपळीचा आणि आल्याचा. अकबराच्या दरबारी सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या 'आइन-ए-अकबरी'तल्या पाकगृहाच्या नोंदींतही मिरी आहे, मिरची नाही.

भाषेने या पाहुणीचे स्वागत कसे केले हे पाहण्यासारखे आहे. मराठीने 'मरीच', 'मिरे' या जुन्या शब्दाच्या कुळातच तिला घेतले आणि 'मिरची' म्हटले. इंग्रजांनीही तेच केले. त्यांनी तिला 'पेपर' म्हटले, आणि तो शब्द लॅटिन व ग्रीक वाटेने मागे नेला तर आपल्या 'पिप्पली'पाशी येऊन थांबतो. म्हणजे एका परदेशी फळाला दोन दूरच्या भाषांनी आपापल्या घरातले जुने नाव दिले आणि ते नवे आहे ही गोष्ट विस्मरणात टाकली. नाव जुने मिळाले की वस्तूही जुनी वाटू लागते.

या विस्मरणाचा सर्वांत सुंदर दाखला मराठी वाङ्मयातच आहे. अरणच्या सावता माळ्यांच्या नावावर असलेला, मळ्यातल्या भाजीपाल्यात विठ्ठल पाहणारा अभंग महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. त्यात कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर यांच्या पंक्तीत मिरचीही येते. सावता महाराजांचा समाधिकाळ परंपरेने 1295 मानला जातो. मिरची या देशात येण्यास त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे जायची होती.

याचा अर्थ कसा लावावा? एक सोपा मार्ग असा की, हा अभंगच उत्तरकालीन ठरवून मोकळे व्हावे. दुसरा, तितकाच सोपा मार्ग असा की, इथे मिरची म्हणजे मिरे असे समजावे. पण मिऱ्याचा वेल ओल्या, सावलीच्या प्रदेशातला. माढ्याच्या कोरड्या रानात त्याचा मळा कल्पिणे कठीण. आम्हाला तिसरा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. सावता महाराजांची रचना काशिबा गुरवांनी टिपून ठेवली अशी परंपरा आहे, पण ती जगली ती मुखोद्गत होऊन. शतकानुशतके ज्यांनी हा अभंग म्हटला ते स्वतः मळेकरी होते. त्यांच्या वाफ्यात मिरची आली तशी ती अभंगातही आली. गाणाऱ्याने अभंग बिघडवला नाही. आपला मळा त्यात आणून ठेवला. ज्या अभंगाचे सारच हे आहे की समोर उगवले आहे तेच दैवत, त्या अभंगाशी याहून प्रामाणिक वर्तन कोणते असू शकते?

पाठचिकित्सेच्या परिभाषेत याला 'प्रक्षेप' म्हणतात. मराठीत प्रक्षेप हुडकून काढण्याची परंपरा थोर आहे. नाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा अपपाठ वेगळे करणे हे त्यांनी भक्तीचेच काम मानले. ते आवश्यकही होते, कारण तिथे एका कर्त्याची, एका कालखंडातली संहिता होती. परंतु जिथे कर्ता एक नसून समूह असतो, तिथे प्रक्षेप वगळून 'मूळ' शोधू गेल्यास हाती टरफलेच उरतात. लोकगीत, म्हण, भारूड यांची ही गोष्ट आपण वर्गात शिकवतो. रस्सा हाही त्याच वर्गातला आहे.

मिरचीपूर्वीचा रस्सा कसा असेल, याचा अदमास घेण्यास साधन आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129च्या सुमारास सिद्ध केलेला 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे, तो मुख्यतः त्यातल्या मराठी पदरचनेमुळे आणि महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात या उल्लेखामुळे. याच ग्रंथाच्या 'अन्नभोग' प्रकरणात मांसाच्या अनेक कृती आहेत. त्यांत हिंग, जिरे, मिरी, आले, हळद, धणे, सैंधव यांचा वापर आहे. मिरची अर्थातच नाही. आपल्या अळणीत पडणारे हळद, आले आणि मीठ हे त्या जुन्या स्वयंपाकाच्या जवळचे आहेत. कोल्हापूरच्या ताटात तांबड्याशेजारी पांढरा रस्सा असतो, तिथेही हीच जोडी दिसते. अळणी हा सोमेश्वराच्या पाकगृहाचा थेट वारसा आहे असा आमचा दावा नाही. पण मिरचीवाचून मांस रुचकर शिजवण्याची रीत आजच्या तिखटाच्या राज्यातही मोडली नाही, आणि ती बाळंतिणीच्या व मुलांच्या वाटीत सुरक्षित राहिली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. भाषेतही जुनी रूपे अंगाईत आणि बडबडगीतांत टिकतात.

कांडणारणीच्या ओवीचा धागा इथे सोडवत नाही. बाराव्या शतकात नोंदलेली ती प्रथा पुणे जिल्ह्याच्या मावळपट्टीत विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालत आली. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी मुळशी-मावळापासून आरंभ करून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि 2017 पासून त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. ओवीला असे संग्राहक लाभले. त्याच हातांनी वाटलेल्या वाटणाला मात्र ते लाभले नाहीत.

पाककृती लिहिल्या गेल्या त्या लिहिणाऱ्यांच्या घरांत. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या कारकिर्दीत (1798-1832) 'सरभेंद्र पाकशास्त्र' मराठीत तयार झाले, ते राजवाड्याच्या मुदपाकखान्यामुळे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत छापले गेले, ते मुंबईच्या सुशिक्षित पाठारे प्रभू समाजात. मराठवाड्यातील दलितांच्या अन्नावर शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' यायला 2015 साल उजाडावे लागले. डोंगरी मावळातल्या मराठा, महादेव कोळी, धनगर, दलित घरांतला रस्सा पिढ्यान्‌पिढ्या बोलण्यातून आणि पाहण्यातून चालत आला. ज्याला लिखित रूप नाही त्याला इतिहासही नाही असे मानले जाते, आणि मग ती रिकामी जागा 'शिवकालीन' या एका पाटीने भरून काढली जाते. आमचा आक्षेप या विशेषणातल्या अभिमानाला नाही. त्या एका शब्दाखाली साडेतीनशे वर्षांचे बदल आणि ते घडवणारे हात झाकले जातात, हे आम्हाला खटकते.

ते बदल पातेल्यात स्पष्ट वाचता येतात. वेल्ह्याचा पाऊस भाताला मानवतो. मिरची वाळायला ऊन आणि कोरडी हवा हवी, म्हणून ती देशावरच्या बाजारांतून येते. खोबरे आणि मीठ किनाऱ्याचे. सावित्रीकाठचे महाड हे जुने बंदर. तिथून वरंध घाटाने भोरकडे आणि मढे घाटाने वेल्ह्याकडे वाट चढते. 1670 साली सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचे शव याच मढे घाटाने कोकणात उतरवले, असे परंपरा सांगते. ज्या घाटवाटांचा आपण इतिहासाच्या पुस्तकात लढायांसाठी उल्लेख करतो, त्यांवरून बैलांच्या पाठीवर मीठ-खोबरेही वर चढत होते. रश्श्याची एक वाटी म्हणजे या वाटांचा नकाशाच होय.

आणि ज्यावर हा रस्सा वाढला जातो तो भात? डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरई, आणि खाचरात भात, अशी इथली शेती. भात विकायचा, सणासुदीला आणि यात्रेला शिजवायचा. रोज नाचणीची भाकरी. म्हणून रस्सा-भात हे मूळचे यात्रेचे, पाहुण्याचे जेवण. जुना वाण आंबेमोहोर. आज ज्याचा मऊ, किंचित चिकट, रस्सा धरून ठेवणारा भात 'मावळी' म्हणून वाढतात तो इंद्रायणी 1987 साली प्रसारित झाला. तो आंबेमोहोर आणि आयआर-8 यांच्या संकराचा, आणि आयआर-8 हा फिलिपाइन्समधल्या संशोधन संस्थेचा 1966 सालचा वाण. अर्थात, मेक्सिकोकडची मिरची आणि फिलिपाइन्सचे आजोळ असलेला भात एका ताटात भेटतात, आणि ते ताट निःसंशय मावळी असते.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यात सिनसिनाटी नावाचे शहर आहे. तिथे 1922 साली मॅसिडोनियातून आलेल्या किराजिएफ बंधूंनी एक उपाहारगृह काढले. टेक्सासच्या बाजूला प्रसिद्ध असलेला 'चिली' हा खिमा-मिरचीचा पदार्थ त्यांनी आपल्या गावाकडच्या दालचिनीसारख्या मसाल्यांनी शिजवला आणि इटालियनांच्या स्पॅगेटीवर वाढला. मिरचीचे नाव ॲझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतले, मसाला बाल्कनचा, शेवया इटलीच्या. आणि आज तो पदार्थ त्या शहराची ओळख आहे. शेवया आपल्यालाही अनोळखी नाहीत. कोकणात तांदळाच्या उकडीच्या शिरवाळ्या साच्यातून पाडतात. पण त्या आपण नारळाच्या रसाशी आणि गुळाशी जोडल्या आणि मटणाचा रस्सा भात-भाकरीकडे दिला. कोणता पदार्थ कोणाशी जोडायचा, हा निर्णय त्या त्या समाजाचा असतो, आणि पदार्थाचे 'तिथले'पण त्या निर्णयात असते. घटक बाहेरचे असल्याने ते उणावत नाही.

आपल्या काव्यशास्त्राला हे नवे नाही. भरताने नाट्यशास्त्रात रसाची कल्पना समजावताना दृष्टान्त घेतला तो स्वयंपाकघराचाच. नाना व्यंजने आणि द्रव्ये एकत्र आली की त्यांतल्या कोणत्याही एकात नसलेली चव निष्पन्न होते, तसा रस निष्पन्न होतो, असे तो सांगतो. 'रस्सा' हा शब्दही त्याच 'रस'चा. रस कोणत्या द्रव्यातून आला हे पृथक्करणाने सांगता येईल. पण तो द्रव्यांपाशी परत नेऊन सोडता येत नाही.

म्हणून सावता महाराजांच्या अभंगातील मिरची आम्ही वगळणार नाही, आणि रश्श्यातीलही नाही. मात्र ती केव्हा आली हे विद्यार्थ्यांना सांगू. थर वेगळे ओळखता येणे ही चिकित्सा. आणि ते ओळखूनही संपूर्ण अभंग म्हणता येणे ही रसिकता. या दोहोंत विरोध आहे असे मानणाऱ्यांनी एकदा मावळातल्या एखाद्या आजीजवळ बसावे आणि तिच्या रश्श्याची कृती तिच्याच शब्दांत, पाठभेदांसह उतरवून घ्यावी. ती सासूचे वाटण, आईचे तिखट आणि सुनेने आणलेला तयार मसाला यांचा हिशेब वेगवेगळा सांगेल, आणि वाढताना मात्र 'आमच्या घरचा रस्सा' असे एकच नाव घेईल. संहितेच्या अभ्यासाला याहून चांगला आरंभ आम्हाला ठाऊक नाही.