रंगाचा दोष, पाण्याचे औषध

दारे-खिडक्यांना दिलेला पांढरा तैलरंग काही उन्हाळे झेलल्यावर खडूसारखा हाताला लागतो, हे दिवाळीची साफसफाई करताना पुष्कळांनी पाहिले असेल. आपण रंगाऱ्याला बोल लावून मोकळे होतो. परंतु याच दोषाच्या पोटी विषारी पाणी शुद्ध करण्याची एक विद्या लपलेली होती. तिची हकिकत वाचकांना सांगावीशी वाटते.

या रंगाचा पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइड नावाच्या पुडीचा. उन्हातील अतिनील किरण पडले की ती भोवतालचे तेल कुरतडू लागते. १९३८ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील गुडीव्ह आणि किचनर यांनी दाखविले की, अशा किरणांत ही पूड दुसऱ्याचा रंग उडविते. स्वतः मात्र जशीच्या तशी राहते. अशा अलिप्त मध्यस्थाला रसायनशास्त्रात उत्प्रेरक म्हणतात.

१९६७ साली तोक्यो विद्यापीठात होंडा यांच्या हाताखाली शिकणाऱ्या फुजिशिमा यांनी पाण्यात बुडविलेल्या याच द्रव्याच्या स्फटिकावर प्रकाश टाकला. स्फटिकावर प्राणवायूचे आणि तारेने जोडलेल्या प्लॅटिनमवर हायड्रोजनचे बुडबुडे उठू लागले. पाणीच दुभंगत होते! १९७२ साली हे संशोधन 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी तेलसंकट आले आणि कित्येक संशोधक इंधनाच्या आशेने या पुडीकडे वळले.

मला मात्र त्यानंतरची गोष्ट अधिक मोलाची वाटते. १९७६ साली कॅनडात केरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यातील पीसीबी या चिवट विषातला क्लोरीन याच पुडीने सोडविला. १९७७ साली टेक्सासमध्ये फ्रँक आणि बार्ड यांनी सायनाइड निकालात काढले.

प्रकाश पडताच पुडीच्या कणातला इलेक्ट्रॉन जागचा हलतो. रिकामी झालेली जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि हायड्रॉक्सिल नावाचे क्षणजीवी, पण भलतेच आक्रमक तुकडे तयार होतात. ते विषाच्या रेणूंचे लचके तोडतात. कोळशाची गाळणी विष नुसते धरून ठेवते. ते पुढे टाकायचे कोठे, हा प्रश्न उरतोच. येथे सेंद्रिय विषाचे, क्रिया पुरती झाली तर, कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि साधे क्षार होतात.

क्रिया अर्धवट राहिली तर मात्र मधले तुकडेही अपायकारक ठरू शकतात. शिवाय बारीक पूड पाण्यातून पुन्हा वेगळी करावी लागते, आणि उन्हातला जेमतेम विसावा हिस्साच तिच्या उपयोगी पडतो. ऊन फुकट मिळते, शुद्ध पाणी तेवढे फुकट मिळत नाही.